तान्ह्या बाळाचे फ्लूपासून संरक्षण

प्रस्तावना

घरात बाळ जन्माला आले की सर्वांचे लक्ष त्याच्याकडे लागते. आजी त्याला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपते, आई रात्र रात्र जागते, शेजारीपाजारी कौतुकाने भेटीला येतात. या प्रेमात कशाचीही उणीव नसते. परंतु कित्येकदा याच प्रेमाच्या वाटेने एखादा आजार पाळण्यापर्यंत पोहोचतो. मोठ्या माणसाला दोन-तीन दिवस अंथरुणावर झोपवणारा फ्लू तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बाळ स्वतः काही सांगू शकत नाही आणि पहिल्या सहा महिन्यांत त्याला फ्लूची लसही देता येत नाही. मग त्याचे रक्षण कोणी व कसे करावयाचे? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• साधी सर्दी व फ्लू यांतील फरक सांगता येईल.
• सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूचा धोका अधिक का असतो, हे स्पष्ट करता येईल.
• बाळाच्या संरक्षणासाठी कुटुंबाने कोणती काळजी घ्यावी, हे लिहिता येईल.
• बाळाला तातडीने डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे ओळखता येतील.
• विध्यर्थी व आज्ञार्थी वाक्ये ओळखून त्यांचा वापर करता येईल.

मूलपाठ

१. कारखान्यांच्या गावातील पाळणा

बेंगळुरू शहरातून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, बोम्मसंद्रा हे ठिकाण लागते. आनेकल तालुक्यातील हे एकेकाळचे खेडे आज मोठी औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग येथपर्यंत सुरू झाला आणि हे गाव मेट्रोने शहराशी जोडले गेले. मराठी माणसाचा बेंगळुरूशी संबंध तसा जुनाच आहे. १६३८ मध्ये हे शहर विजापूरकरांनी जिंकल्यावर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले होते. तेव्हा माणसे लष्कराबरोबर आली. आता ती कामधंद्यासाठी येतात. कारखान्यांच्या अशा वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात.

अशा वसाहतीतील एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. घर एका खोलीचे. घरधनी पाळीवर जातो, मेट्रोने वा कंपनीच्या बसने परत येतो. बाळंतपणासाठी गावाहून आजी आलेली असते. मोठे मूल अंगणवाडीत जाते. पाळणा आणि चूल यांच्यामध्ये चार पावलांचेही अंतर नसते. बस, कारखाना, अंगणवाडी, बाजार या सर्व ठिकाणांहून माणसे संध्याकाळी त्याच खोलीत येतात. बाळ दिवसभर घराबाहेर पडत नाही. परंतु बाहेरचे सारे जग मात्र त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते.

बोम्मसंद्रा परिसरातच डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले नारायण हृदयालय हे मोठे रुग्णालय आहे. तरीही फ्लूच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. रुग्णालय कितीही जवळ असले, तरी संरक्षणाची सुरुवात घराच्या उंबऱ्यापाशीच होते.

२. फ्लू म्हणजे काय?

फ्लूचे पूर्ण नाव इन्फ्लुएन्झा. हा विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा आजार आहे. माणसांत साथी पसरवणारे त्याचे ए आणि बी असे दोन मुख्य प्रकार आहेत. साधी सर्दी हळूहळू सुरू होते. नाक वाहते, शिंका येतात, पण माणूस आपले काम करू शकतो. फ्लू मात्र एकाएकी गाठतो. जोराचा ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला व कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे होत. तान्ह्या बाळात ही लक्षणे इतकी स्पष्ट दिसतीलच असे नाही. बाळ दूध कमी पिते, किरकिर करते किंवा उलट फारच सुस्त पडते.

फ्लू झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा बोलतो, तेव्हा सूक्ष्म तुषारांतून विषाणू बाहेर पडतात. दरवाजाची कडी, मोबाइल, खेळणी यांसारख्या कठीण पृष्ठभागांवर ते काही तास, कधी कधी एक-दोन दिवसही तग धरतात. तेथून ते हाताला आणि हातावरून नाकातोंडाला लागतात. संसर्ग झाल्यापासून साधारणपणे एक ते चार दिवसांत आजार दिसू लागतो. विशेष म्हणजे लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणूनच 'मला तर काहीच झालेले नाही' एवढ्यावर विसंबून चालत नाही.

या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असते. साबणाने ते विरघळते व विषाणू निष्प्रभ होतो. हात धुण्यासारखी साधी कृती इतकी परिणामकारक का ठरते, याचे कारण हेच आहे.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडून वाक्ये पूर्ण करा.
(१) फ्लू हा ______ मुळे होणारा आजार आहे. (अ) जिवाणू (आ) विषाणू (इ) डास
(२) फ्लूची लक्षणे साधारणपणे संसर्गानंतर ______ दिवसांत दिसतात. (अ) एक ते चार (आ) दहा ते पंधरा (इ) वीस ते तीस
(३) साबणाने विषाणू निष्प्रभ होतो, कारण त्याचे आवरण ______ असते. (अ) कठीण (आ) स्निग्ध (इ) धातूचे

३. इतिहासाने दिलेला इशारा

फ्लूला किरकोळ समजण्याची चूक समाजाला किती महाग पडू शकते, हे १९१८ या वर्षाने दाखवून दिले. पहिले महायुद्ध संपत आले होते. जून १९१८ मध्ये मुंबईत गोदीवर पहारा देणाऱ्या शिपायासह काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. जहाजांतून आलेला हा ताप शहरात पसरला व रेल्वेने देशभर गेला. सप्टेंबरमध्ये साथीची दुसरी, अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊस अपुरा पडला होता, धान्य महागले होते, माणसे अर्धपोटी होती. भारतात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज केला जातो. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक पुन्हा आले नाही.

तेव्हा या रोगाचे खरे कारणही कोणाला ठाऊक नव्हते. माणसातील फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनमधील शास्त्रज्ञांनी वेगळा केला. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

या संस्थेचे महत्त्व २००९ मध्ये साऱ्या देशाला जाणवले. त्या वर्षी 'स्वाइन फ्लू' या नावाने ओळखला गेलेला एच१एन१ हा नवा विषाणू जगभर पसरला. मे महिन्यात भारतातील पहिला रुग्ण हैदराबाद येथे आढळला आणि ३ ऑगस्ट रोजी देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. पुण्यातील शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे हे शहराचे नेहमीचे दृश्य झाले. १९१८ प्रमाणेच २००९ मध्येही गरोदर स्त्रियांना या आजाराचा धोका विशेष असल्याचे दिसून आले. आज एच१एन१ हा नवा राहिलेला नाही. दरवर्षीच्या फ्लूच्या विषाणूंपैकीच तो एक झाला आहे. भारतात फ्लूचा जोर मुख्यतः पावसाळ्यात व हिवाळ्याच्या अखेरीस दिसून येतो.

४. पहिले सहा महिने नाजूक का?

तान्ह्या बाळाच्या श्वासनलिका अतिशय अरुंद असतात. थोडी सूज आली किंवा थोडा कफ साठला, तरी श्वासाची वाट अडते. पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्यामुळे नाक चोंदले की त्याला दूध ओढता येत नाही. दूध कमी पडले की शरीरातील पाणी कमी होते. शिवाय रोगाशी झुंजणारी त्याची शक्ती अद्याप घडत असते. फ्लूपाठोपाठ न्यूमोनिया होण्याची भीतीही असते.

अशा वेळी लस द्यावी, असे सहजच मनात येते. परंतु फ्लूची लस सहा महिने पूर्ण झाल्यावरच देता येते. सहा महिन्यांनंतर प्रथमच लस घेणाऱ्या बालकाला किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात व पुढे दरवर्षी एक मात्रा द्यावी लागते. विषाणू आपले रूप सतत बदलत असल्यामुळे लसही दरवर्षी बदलावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी या लसीची शिफारस करते. ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट नाही; त्यामुळे तिच्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

याचा अर्थ असा, की धोका जेव्हा सर्वांत जास्त असतो, नेमक्या त्याच काळात बाळाला स्वतःचे चिलखत घालता येत नाही. म्हणून त्याच्याभोवतीच्या माणसांनाच त्याचे चिलखत व्हावे लागते.

५. आईने दिलेले कवच

हे चिलखत घडविण्याचे काम बाळाच्या जन्मापूर्वीच सुरू होते. गरोदर स्त्रीने फ्लूची लस घेतल्यास तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात व जन्मानंतरचे काही महिने त्याचे रक्षण करतात. बांगलादेशातील ढाका शहरात ३४० गरोदर स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मातांनी फ्लूची लस घेतली होती, त्यांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. एका टोचणीने दोन जिवांचे रक्षण होते, ते असे.

२०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना अग्रक्रम द्यावा, अशी शिफारस केली. मृत विषाणूंपासून केलेली ही लस गरोदरपणाच्या कोणत्याही टप्प्यात देता येते. योग्य वेळ डॉक्टर ठरवितात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गरोदर स्त्रियांना ही लस विनामूल्य देण्याचा कार्यक्रम सुरू केला. बाळाजवळ राहणारे वडील, आजी-आजोबा व मोठी भावंडे यांनीही लस घेतल्यास बाळाभोवतीचे कडे अधिक भक्कम होते. लस घेतल्यावर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, हे लक्षात ठेवावे.

दुसरे कवच आईच्या दुधाचे. प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून देऊ नये. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा देऊ नये.

याबरोबरच सरकारी लसीकरण वेळेवर पूर्ण करावे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस, तसेच सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात दिली जाणारी न्यूमोकोकल लस फ्लूला अडवीत नाही. परंतु न्यूमोनियाच्या काही घातक जिवाणूंपासून बाळाला वाचविते. या लसी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) फ्लूची लस बाळाला किती महिने पूर्ण झाल्यावर देता येते?
(२) आईच्या शरीरातील प्रतिपिंडे गर्भातील बाळाला कशातून मिळतात?
(३) १९१८ च्या साथीत मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद कोणत्या दिवशी झाली?

६. आईच आजारी पडली तर?

या प्रश्नापाशी अनेक कुटुंबांचा गोंधळ होतो. आईला ताप आला की 'दूध बाधेल' असे म्हणून बाळाला तिच्यापासून तोडले जाते व बाटलीचे दूध सुरू केले जाते. हा समज चुकीचा आहे. फ्लू दुधातून पसरत नाही. तो श्वासातून व हातांतून पसरतो. उलट, आजारी आईच्या दुधातून त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे बाळाला मिळतात. म्हणून स्तनपान चालू ठेवावे.

मात्र काही पथ्ये पाळावीत. बाळाला घेण्यापूर्वी आईने साबणाने हात स्वच्छ धुवावेत. नाक व तोंड झाकेल असा मुखपट्टा बांधावा. बाळाच्या तोंडाजवळ खोकू अथवा शिंकू नये. आईला फार अशक्तपणा आला असेल, तर तिने दूध स्वच्छ वाटीत काढावे व घरातील निरोगी व्यक्तीने ते वाटी-चमच्याने पाजावे. दूध पाजण्याखेरीज इतर वेळी बाळाला निरोगी माणसाने सांभाळावे. खोली एकच असल्यास आजारी माणसाचे अंथरूण पाळण्यापासून शक्य तितके दूर, खिडकीच्या बाजूला घालावे व खिडकी उघडी ठेवावी.

आईला फ्लू झाल्याचे लवकर लक्षात आल्यास डॉक्टर विषाणूरोधक औषध देऊ शकतात. आजार सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत ते सुरू केल्यास अधिक उपयोग होतो. ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

७. जुन्या रीती, नवी दृष्टी

बाळंतीण व बाळ यांना काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. बाहेरून आलेल्याने पायांवर पाणी घेतल्याशिवाय बाळाला हात लावू नये, असेही जुनी माणसे सांगत. या रीतींत विटाळाची कल्पना होती व तिचा त्रास स्त्रियांनी फार सोसला. तो भाग सोडून द्यावयास हवा. परंतु बाळापाशी गर्दी नसावी आणि हात धुऊनच त्याला घ्यावे, हे मर्म आजही खरे आहे.

बारशाचा सोहळा आनंदाने करावा. पण साथीच्या दिवसांत तो मोजक्या माणसांत करावा किंवा पुढे ढकलावा. बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवू नये. त्याचे मुके घेऊ नयेत. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला दारातच नम्रपणे सांगावे, "बरे वाटले की अवश्य या, बाळ तुमचीच वाट पाहील." असे सांगण्यात कोणाचाही अपमान नाही. खरा आप्त या शब्दांचा राग मानीत नाही.

काही रीती मात्र निश्चितपणे टाळाव्यात. बंद खोलीत शेगडी ठेवून ओवा-बाळंतशेपांची धुरी देण्याने बाळाच्या फुप्फुसांना इजा होते. विडी, सिगारेट व चुलीचा धूर हेही तितकेच घातक. कापूर बाळाच्या नाकाशी धरू नये. एक वर्षापर्यंत मध चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. तापासाठी ॲस्पिरिन कधीही देऊ नये. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. म्हणून मागच्या वेळची उरलेली औषधे पाजू नयेत.

खोकल्याच्या औषधांविषयी तर विशेष सावध राहावे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधामुळे अनेक लहान मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य विभागाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. बाळाचे नाक चोंदले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घालावेत व थोड्या थोड्या वेळाने अंगावर पाजत राहावे.

८. तातडीने डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वेळ दवडू नये :
• बाळ दूध पीत नाही किंवा प्यालेले सर्व ओकून टाकते.
• श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो अथवा कण्हल्यासारखा आवाज येतो.
• श्वास जलद चालतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास होय.
• ओठ, जीभ वा चेहरा निळसर पडतो.
• बाळ फारच सुस्त होते, जागे करूनही नीट जागे होत नाही अथवा त्याला झटके येतात.
• बराच वेळ लघवी होत नाही.
• दोन महिन्यांखालील बाळाला ताप येतो (काखेत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा अधिक) अथवा त्याचे अंग थंडगार पडते.

श्वास मोजताना बाळ शांत असावे. ते रडत किंवा दूध पीत नसावे. त्याचे पोट वर-खाली होताना पाहून, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे काम शिकविता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक कर्नाटकात व महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. परमुलुखात भाषा येत नसली तरी संकोच करू नये. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका किंवा शेजारी यांची मदत घ्यावी.

९. रजा आणि रोजगार

ताप असतानाही कामावर जाणे कित्येकांना भाग पडते, कारण एक दिवस बुडाला की रोजगार बुडतो. मग कारखान्यातील एकाचा फ्लू दहा घरांत जातो आणि त्यांपैकी एखाद्या घरात तान्हे बाळ असते. म्हणून कामगाराने आपले हक्क जाणून घेणे हाही बाळाच्या संरक्षणाचाच एक भाग आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला वैद्यकीय प्रमाणपत्रावर आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळू शकतो.

२०१७ मध्ये झालेल्या कायद्यातील दुरुस्तीपासून पात्र नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाला केवळ आईचे दूध देण्याचा काळही सहा महिन्यांचा आणि फ्लूची लस देता येत नाही तो काळही सहा महिन्यांचा. ही रजा म्हणजे कोणाची मेहेरबानी नसून बाळाच्या नाजूक काळाला समाजाने दिलेला आधार आहे.

१९१८ मध्ये माणसांच्या हाती ना लस होती, ना औषध, ना रोगाचे खरे ज्ञान. आज ज्ञान उपलब्ध आहे. ते दवाखान्याच्या भिंतीवरील फलकावरून घराघरांतील पाळण्यापर्यंत पोहोचविणे, हे प्रत्येक सुजाण माणसाचे कर्तव्य आहे.

शब्दार्थ

विषाणू – डोळ्यांना न दिसणारा, जिवंत पेशीत वाढणारा अतिसूक्ष्म रोगकारक
प्रतिपिंडे – रोगकारकाशी झुंजण्यासाठी शरीरात तयार होणारे पदार्थ
स्निग्ध – तेलकट, चरबीयुक्त
निष्प्रभ – प्रभाव नाहीसा झालेला
चीक – प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट दूध
मात्रा – औषधाचे वा लसीचे ठरावीक प्रमाण
आप्त – जवळचा नातलग

भाषाभ्यास

(अ) पुढील वाक्ये पाहा.
१. बाळाला घेण्यापूर्वी हात धुवा. (आज्ञार्थी)
२. बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत. (विध्यर्थी)
पहिल्या वाक्यात आज्ञा आहे. दुसऱ्या वाक्यात कर्तव्य किंवा सल्ला सुचविला आहे. आरोग्यविषयक लेखनात विध्यर्थी वाक्ये अधिक वापरली जातात, कारण त्यांतून हुकूम न देता योग्य वर्तन सांगता येते. पाठातील अशी पाच वाक्ये शोधून लिहा व त्यांचे आज्ञार्थी वाक्यांत रूपांतर करा.

(आ) पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : तळहाताच्या फोडाप्रमाणे जपणे, जिवावर बेतणे, तग धरणे, वेळ दवडणे.

तुम्ही काय शिकलात?

• फ्लू हा विषाणूजन्य, वेगाने पसरणारा आजार असून तान्ह्या बाळाला त्यापासून विशेष धोका असतो.
• सहा महिन्यांखालील बाळाला लस देता येत नाही. म्हणून गरोदर आईने व घरातील माणसांनी लस घेणे उपयुक्त ठरते.
• आई आजारी असतानाही योग्य काळजी घेऊन स्तनपान चालू ठेवावे.
• हात धुणे, मोकळी हवा, गर्दी टाळणे व धूर टाळणे हे साधे पण परिणामकारक उपाय आहेत.
• धोक्याची लक्षणे दिसताच विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

पाठान्त प्रश्न

१. 'बाळाभोवतीच्या माणसांनाच त्याचे चिलखत व्हावे लागते' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. आईला फ्लू झाला असता तिने व कुटुंबाने कोणती पथ्ये पाळावीत?
३. जुन्या रीतींतील कोणता भाग सोडावा व कोणता राखावा, असे पाठात सांगितले आहे? तुमचे मत सकारण लिहा.
४. प्रसूती रजेचा कालावधी व बाळाचा नाजूक काळ यांतील संबंध सांगा.
५. तुमच्या वस्तीतील बारशाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पाच सूचनांचा फलक तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) आ (२) अ (३) आ

पाठगत प्रश्न २ : (१) फ्लूची लस बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर देता येते. (२) आईच्या शरीरातील प्रतिपिंडे गर्भातील बाळाला नाळेतून मिळतात. (३) मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद ६ ऑक्टोबर १९१८ रोजी झाली.